सोवळ्यात झोपलेले केस

माझा अंबाडा आता कागदी लिंबाएवढा उरलाय. त्यात दोन आकडे खोचले की तिसऱ्याला जागा नाही. त्यामुळे एके काळी माझे केस गुडघ्याखाली पोचत होते असं मी म्हटलं, की नातवंडं असं तोंड करतात, जसा काही आमच्या दारात हत्ती झुलत होता असंच मी सांगितलंय. फोटो दाखव म्हणतात. फोटो एकच आहे, आणि त्यात मी समोरून आहे. समोरून बघण्यासारखं माझ्यात तेव्हाही काही नव्हतं. नाक बसकं, दात पुढे, रंग उडदाच्या सालीचा. देवाने सगळं सामान मागच्या बाजूला ठेवलं होतं.

आणि त्या सामानाची मी जाहिरातही कमी केली नाही. हळदीकुंकवाला गेले की मुद्दाम वेणीवर बसायची, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "अगंबाई, वेणीवरच बसले की!" असं म्हणून ती खालून ओढून काढायची. एकदा कोणाचंच लक्ष गेलं नाही, तर उठून पुन्हा बसले. छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीतून जाताना वेणी डावीउजवीकडे सारखी झुलली पाहिजे म्हणून मी एक खास चाल बसवली होती. आई विचारायची, "पायात काटा गेलाय का गं?"

इंदूर तेव्हा मध्यभारतात होतं. होळकरांचं राज्य जाऊन हे नवं राज्य झालं होतं, आणि त्याची राजधानी वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायची. उन्हाळा-पावसाळा इंदुरात, हिवाळा ग्वाल्हेरला. माझे वडील आधी दरबारच्या कचेरीत कारकून होते, मग सचिवालयात कारकून झाले. सरकार निघालं की तेही वळकटी बांधून निघायचे. म्हणजे आम्हांला वडील वर्षाचे सहाच महिने मिळत, पण त्या सहा महिन्यांत ते बारा महिन्यांची शिस्त उरकून घेत.

घरात आई, मी, आठ वर्षांची धाकटी बहीण आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. आत्याला एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आलं, तेव्हापासून ती माहेरीच. जुन्या रिवाजाप्रमाणे तिचं डोकं भादरलेलं असायचं. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या ओसरीवर यायचा. अंगावर तांबडं आलवण, डोक्यावरून पदर, आणि जीभ अशी, की न्हाव्याने वस्तरा तिच्याकडून परजून घ्यावा.

सगळा स्वयंपाक आत्या करायची, आणि सोवळ्यात करायची. तिचं सोवळं म्हणजे एक रेशमी नऊवारी लुगडं, तांबडंच, वापरून वापरून दुधाच्या सायीसारखं मऊ झालेलं. ते स्वयंपाकघरात छताजवळच्या दांडीवर असायचं. कोणाचा हात लागू नये म्हणून काठीनेच वर टाकायचं आणि काठीनेच खाली घ्यायचं. पहाटे अंघोळ करून ती ते नेसली, की जेवणं होईपर्यंत आत्याला शिवायचं नाही. सुती लुगडं रोज धुवावं लागतं आणि पावसाळ्यात ते वाळत नाही. रेशमाची ती कटकट नसते. म्हणून श्रावणातले सगळे देव त्या एका लुगड्यावर जेवत.

त्या वर्षी मी इंटरला होते. कॉलेज दोन मैल लांब, आणि सकाळी सातचं. एकटीने चालत जायची परवानगी नव्हती. आम्हा पाच मुलींनी मिळून एक टांगा लावला होता, तो सव्वासहाला दारात यायचा. मुलीला पुढे शिकवायचं हे आईने हट्टाने मंजूर करून घेतलं होतं. पण ते मंजूर करणाऱ्यांनी माझ्या केसांचा विचार केला नव्हता. रात्री मी घट्ट वेणी घालून झोपायची, आणि सकाळी पाहावं तर सुगरणीचा खोपा! मी झोपेत गिरणीच्या चाकासारखी फिरायची. गोधडीच्या टाक्यांत केस अडकायचे, जाड्याभरड्या उशीवर घासून तुटायचे, धाकटी बहीण शेपटावर लोळायची. मग आई फणी घेऊन मागे बसायची आणि पाऊण तास ओढाताण चालायची.

"हे केस आहेत का काथ्या? जरा मान सरळ ठेव!"

"आई, हळू!"

"हळू करू तर टांगा दुपारी आणायला सांग."

टांगा दारात, चार मुली टांग्यात, आणि टांगेवाला गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा, "बाई साब, घोड़ा तो खड़ा है, पन कालेज खड़ा नी रेगा!"

आठ दिवसांतून पाच दिवस हेच. शेवटी एका सकाळी तो टांग्यातून उतरून वडिलांकडेच आला. "देखो साब, चार बच्चियाँ एक की चोटी के पीछे लेट होती हैं. अबके देर हुई तो मैं तो चला जाऊँगा भिया, फिर मेरे को मत केना."

वडिलांनी त्याला हात जोडून वाटेला लावलं आणि माझ्याकडे वळले. "ऐकलंस? आता एकदा जरी टांगा चुकला, तर एक तर हे केस खांद्यापर्यंत कापायचे, नाही तर कॉलेजातून नाव काढायचं. दोन्ही चालणार नाही. मी ग्वाल्हेरला गेल्यावर हे तमाशे कोण बघणार?"

वडील बोलले ते करायचे. सरकारी कागदावर शेरा मारल्यासारखं बोलायचे, आणि शेरा मागे घ्यायची पद्धत नव्हती.

मी उपाय शोधायला लागले. अक्कल अर्थातच माझीच वापरली. माझं म्हणणं असं पडलं, की केस गुंततात कारण ते मोकळे सुटतात. तेव्हा ते हलूच द्यायचे नाहीत. उशाशी भिंतीत एक खुंटी होती. मी वेणीचं टोक नाडीने खुंटीला बांधलं आणि उताणी झोपले. फार शास्त्रीय वाटलं. पहाटे गवळ्याने हाक मारली तशी मी सवयीने ताडकन उठून बसले. म्हणजे, बसायला गेले. खुंटी पक्की होती. तिने मला परत झोपवलं. त्यानंतर तीन दिवस माझी मान डाव्या खांद्यावर कलंडलेली होती. कॉलेजात तर्कशास्त्राचे प्राध्यापक दर दोन वाक्यांनी थांबून मला विचारत, "आपल्याला हे पटलेलं दिसत नाही?"

टांग्यात माझ्याशेजारी मल्हारगंजातली एक मारवाडी मुलगी बसायची. तिचे केसही चांगले कमरेखाली, पण रोज सकाळी कसे तेल लावलेल्या पाटासारखे! माझी मान बघून तिला दया आली. "खुंटी-वुंटी छोड़. रेशम पे सोया कर. हमारे यहाँ तकिये पे रेशम का गिलाफ रहता है. बाल फिसलते हैं, उलझते नहीं."

रेशीम! सांगणं सोपं होतं. शेठजींच्या घरी उशीलाही रेशीम. आमच्याकडे तीनच रेशमी वस्त्रं. आईचा लग्नातला शालू, तो ट्रंकेत, आणि किल्ली आईच्या कमरेला. वडिलांचा पूजेचा मुकटा, पण त्याला चंदनाचे डाग पडून पडून तो पुठ्ठ्यासारखा झालेला. आणि तिसरं, सायीसारखं मऊ, आत्याचं सोवळं.

आता तुम्हांला वाटेल की मी बराच वेळ मनाशी झगडले असेन. छे! मी फक्त काठी कुठे ठेवलेली असते ते बघून ठेवलं.

सगळी निजल्यावर मी ते लुगडं काठीने खाली घेतलं. घरात उशिरा उठणारी, पारोसी, डोक्यात आवळ्याचं तेल थापलेली मुलगी, आणि तिच्या हातात सोवळं! क्षणभर वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. देव झोपले असावेत. चातुर्मासात ते झोपतातच, शास्त्रातच आहे, आणि त्या दिवशी शास्त्राचा मला मोठा आधार वाटला. लुगड्याची घडी उशीवर घातली, वेणी त्यावर सोडली, आणि पहाटे आत्या विहिरीवर अंघोळीला गेली तेवढ्यात ते पुन्हा दांडीवर.

सकाळी आईने फणी घातली ती सरळ खाली आली. पुन्हा घातली, पुन्हा खाली. आई दचकली. "काय केलंस गं?"

"श्रद्धा ठेवली," मी म्हणाले. अशी निर्लज्ज होते मी.

सहा वाजता मी दारात उभी. टांगेवाल्याने लगाम ओढला आणि घोड्यालाच विचारलं, "क्यों भिया, आज सूरज किधर से निकला?"

आठवडाभर हे सुख चाललं. मग नागपंचमी आली. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, म्हणून वडीलही आमच्याबरोबर पंगतीला. नागपंचमीला आमच्यात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. नागोबाला लागतं म्हणतात. म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. वडिलांनी दिंड फोडलं, तूप घातलं, घास उचलला, आणि घासाबरोबर एक काळा केस वर आला. त्यांनी हात आणखी वर नेला. केस येतच राहिला. ते पाटावरून अर्धे उठले तरी केस संपेना.

"नागोबा निघाला!" धाकटी बहीण टाळ्या वाजवत म्हणाली.

"हा कोणाचा?" वडिलांनी विचारलं. प्रश्न तसा अनावश्यक होता. घरात एवढा केस एकाच डोक्यावर होता.

"पण ती तर सकाळपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालाही आली नाही," आई म्हणाली. "मीही आत गेले नाही. वन्संनीच सगळं केलंय."

मग सगळ्यांनी वन्संकडे, म्हणजे आत्याकडे पाहिलं. आत्या सोवळं नेसून हातात तुपाचं भांडं घेऊन उभी. घरातली एकमेव बाई जिच्या डोक्यावर केस नाही, तिने एकटीने रांधलेल्या अन्नात दोन हात लांब केस! 

"माझ्याकडे काय बघताय?" आत्या म्हणाली. "मला केस फुटले असते, तर आधी पेढे वाटले असते."

वडिलांनी तो केस ताटाबाहेर ठेवला. "वाऱ्याने उडून आला असेल. पण आता हद्द झाली. हे केस टांग्यात आडवे, ताटात आडवे. मी म्हणतो, आजच कात्री..."

"आज पंचमी आहे," आत्या म्हणाली. "आज या घरात कोणी काही कापायचं नाही. तोंडाने कात्री म्हणायचंही नाही. दिंड खा, गार होतंय." आणि असं म्हणताना ती खांद्यावरचा पदर चिमटीत धरून, नाकाशी नेऊन हुंगत होती. मी ते पाहिलं. पाहिलं आणि दुसरं दिंड मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्याने नवा नेम धरला. श्रावणभर ओलेत्याने स्वयंपाक करायचा. म्हणजे सुती लुगडं विहिरीवर धुवायचं, पिळायचं आणि ओलंच नेसून चुलीपुढे बसायचं. तेही सोवळंच, पण फार कडक.

"वन्सं, या पावसात? आजारी पडाल!" आई म्हणाली.

"नेम तो नेम."

"अक्का, तुझं रेशमी आहे ना?" वडील म्हणाले.

"आहे. राहू दे तिथे."

तिसऱ्या दिवशी आत्या शिंकायला लागली. साधीसुधी शिंक नव्हे. शेजारच्यांचा पोपट पिंजऱ्यात उलटा व्हायचा अशी. आईने काढा दिला तर तो बिनसोवळ्यातला म्हणून घेईना. आणि मी? माझ्या आनंदाला पारावार नव्हता. लुगडं आता पहाटे परत टाकायची गरजच उरली नव्हती! मी सकाळी सहाला दहा कमी असेपर्यंत त्यावर लोळायची. शिवाय ते आता वरच्या दांडीवर नसायचं, दाराजवळच्या खालच्या खुंटीवर असायचं. काठीची कटकट गेली. एक दिवस तर त्याला रिठ्याचा वास आला आणि तेलाचे डागही दिसेनात. मी मनात म्हटलं, उत्तम रेशीम, आपोआप स्वच्छ होतं. इंटरच्या वर्गात तर्कशास्त्रात मला चांगले गुण होते, हे इथे सांगून ठेवते.

टांग्यात मी मुलींना सांगितलं, "आमची आत्या फार कर्मठ आहे गं. देवासाठी जीव देईल."

रेशमाने केस वाचवले, पण मला मातवलं. पाच मिनिटांत वेणी होते म्हटल्यावर मी उठायची ती दहाच मिनिटं आधी. आणि एका सकाळी जाग आली तर डोकं उशीवर नव्हतंच. झोपेत फिरत फिरत मी बहिणीच्या अंथरुणात पोचले होते, आणि तिच्या फ्रॉकच्या पाठीवरचा हूक माझ्या केसांत असा घुसला होता, जसा मासा गळाला. मी उठले तशी तीही उठली. मी आरशाकडे गेले तशी तीही उलट्या पावलांनी माझ्यामागे.

"हलू नकोस!"

"तूच हलतेयस!"

"आई, कात्री नको! कात्री नको! हूक तोड!"

"नवा फ्रॉक आहे!" बहिणीने गळा काढला.

बाहेर टांगा आला. टांगेवाल्याने एकदा हाक मारली, दोनदा मारली. मी ओरडले, "आले, आले!" आणि तशीच बहिणीला ओढत ओसरीपर्यंत गेले. मुलींनी आम्हांला त्या अवस्थेत पाहिलं. टांगेवाल्यानेही पाहिलं. त्याने आकाशाकडे बघून एक सुस्कारा सोडला, घोड्याला म्हणाला, "चल बेटा," आणि टांगा गेला.

वडील दाढी करत होते. त्यांनी तोंड पुसलं, कपाटातून आईची शिवणाची कात्री काढली आणि देवळीत ठेवली. आवाज मुळीच चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. "उद्या अक्काचा न्हावी येणारच आहे, त्यालाच सांगतो. किंवा उद्या मी कॉलेजात अर्ज देऊन येतो. संध्याकाळी मी येईपर्यंत तूच ठरव. मी जबरदस्ती करणार नाही."

दिवसभर मी आरशापुढे बसून रडले. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, कोणत्या बाजूने रडताना केस बरे दिसतात ते बघत. तुम्हांला वाटत असेल, मुलगी शिकणारी, तिने ठरवलं असेल की केस गेले तरी चालतील. मलाही आज तसं सांगायला आवडलं असतं. पण मी ठरवलं ते असं, की कॉलेज सोडायचं. इतिहासाच्या सनावळ्या काय कोणालाही येतात, पण गुडघ्याखालचे केस सगळ्या छत्रीबागेत एकटीचेच. दुपारी आई मागच्या ओसरीवर गहू निवडत होती, तिला मी ते सांगितलं. आईच्या हातातलं सूप थांबलं. तिने माझ्या कॉलेजासाठी काय काय ऐकून घेतलं होतं ते मला ठाऊक होतं. ती निवडलेलेच गहू पुन्हा निवडायला लागली.

बोलली आत्या. ती कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. तिने माळ खाली ठेवली, एक दणदणीत शिंक दिली आणि म्हणाली, "इकडे ये, गाढवे."

मी गेले.

"केसांसाठी शिक्षण सोडतेस? आणि त्या केसांसाठी मी दहा दिवस ओल्या लुगड्यात काकडतेय?"

मला काही कळेना. मग एकदम सगळं कळलं. खालची खुंटी, रिठ्याचा वास, ओलेतं, शिंका.  "तुला... माहीत होतं?"

"पुरणात दोन हाताचा केस, सोवळ्याला आवळ्याच्या तेलाचा वास. मी म्हातारी आहे, बैल नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्या बापाने त्याच दिवशी कात्री काढली असती. लुगडं एक आणि बायका दोन. तू नेत होतीस, मग मी काय नेसायचं? शिवाय रोज टांगा गाठत होतीस. म्हटलं, शिकतेय पोर, शिकू दे." पुन्हा शिंकली. "मला काय ठाऊक, पोरगी इतकी दिवटी निघेल!"

मी रडायला लागले, आणि या खेपेला आरसा जवळ नव्हता.

"नाक पूस. केस आज आहेत, उद्या नाहीत. एका सकाळी न्हावी येतो आणि अर्ध्या घटकेत संपतं सगळं, मी सांगते तुला. डोक्यात शिरलेलं काही कोणाला भादरून नेता येत नाही. माझ्या डोक्यात दुसरीपर्यंतचं आहे, ते अजून आहे." मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आणि एवढं मिरवायला आहे काय त्यात? माझे पोटरीपर्यंत होते. आणि असे काथ्यासारखे नव्हते. विचार तुझ्या बापाला, वाड्यातल्या बायका बघायला यायच्या."

"तू त्यांच्यावर बसायचीस?" मी हुंदके देत विचारलं.

"मुद्दाम," आत्या म्हणाली. आईने सूप तोंडापुढे धरलं. तिचे खांदे हलताना दिसत होते.

संध्याकाळी वडील आले. देवळीतली कात्री जागेवर नव्हती. ती आत्याच्या हातात होती, आणि ती आपल्या रेशमी लुगड्याचा पदर कापत होती.

"अक्का! सोवळं कापतेस?"

"पदर कापतेय. मला एवढा पदर काय करायचाय? झाकायला खाली आहे काय?" हातभर तुकडा तिने माझ्याकडे टाकला. "हा हिच्या उशीला. बाकीचं उद्या धुऊन माझं मी नेसेन, मला सर्दी झालीय. आणि ऐक, हिच्या डोक्याला न्हावी हात लावणार नाही. या घरात एका डोक्याला लावला तेवढं पुरे झालं. कॉलेजही बंद व्हायचं नाही. उद्यापासून हिला मी उठवते. टांगा चुकला तर मला बोल."

वडील थोरल्या बहिणीपुढे कधीच बोलू शकत नसत. ते कचेरीतल्या टोपीसकट खाटेवर बसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "पण टांगेवाला थांबेल का?"

"ते मी बघते."

रात्री जेवणं झाल्यावर आत्याने मला पुढ्यात बसवलं. सोवळ्याची वेळ संपलेली, त्यामुळे शिवायला हरकत नव्हती. चाळीस वर्षांनी ती वेणी घालत होती. सुरुवातीला बोटं अडखळली, मग अशी चालायला लागली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भावनेने नव्हे, ओढल्याने.

"घट्ट घालून निजायचं नाही," ती सांगत होती, "मुळाशी तुटतात. एक नाही, दोन वेण्या. सैल. तेल मुळांना नाही, टोकांना. मग दोन्ही वर घ्यायच्या, डोक्याभोवती, आणि हे बांधायचं." तिने आपल्या जुन्या सुती लुगड्याचा विरलेला तुकडा माझ्या डोक्याला बांधला. "आता गिरणीसारखी फिर हवी तेवढी."

ही साधी गोष्ट तिला आधीपासून येत होती. आम्ही कोणी विचारलीच नव्हती. केसांबद्दल आत्याला काय विचारायचं, असंच आम्हांला वाटायचं.

मी फिरले मात्र नाही. एवढं सगळं झाल्यावर वेण्या विस्कटल्या तर काय, या धास्तीने मी रात्रभर उताणी, डोळे सताड उघडे ठेवून, प्रेतासारखी पडून राहिले. चार वाजता आत्या उठवायला आली तर मी बसलेलीच. साडेपाचाला मी ओसरीवर हजर, वही छातीशी.

सव्वासहाला टांगा आमच्या दारावरून न थांबता पुढे जायला निघाला. आत्या वाटेत उभी राहिली. आलवण, पदर, भादरलेलं डोकं, आणि कमरेवर हात. घोडा आपणहून थांबला.

"माँ साब, हट जाओ. मैंने साब को के दिया था..."

"काय के दिया था? ही बघ, तयार है. आधे घंटे से खड़ी है. रोज खड़ी रेगी. नहीं रही, तो रोज सबेरे मैं खड़ी रहूँगी, ऐसी ही, तेरे घोडे के सामने. सबेरे-सबेरे मेरा मुँह देखना है क्या तेरे को?"

सकाळी सकाळी विधवेचं तोंड बघणं लोक अशुभ मानायचे, आणि आत्याने ते अशुभ आयुष्यात पहिल्यांदाच कामाला जुंपलं होतं. टांगेवाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा घोड्याकडे पाहिलं. "बैठो बाई," तो मला म्हणाला, "जल्दी बैठो."

मारवाडी मुलीने सरकून जागा दिली. माझी वेणी बघून तिने पसंतीची मान हलवली.

कॉलेजात पहिला तास तर्कशास्त्राचा. प्राध्यापकांनी हजेरी घेतली, एवढं आठवतं. त्यानंतरचं मला वर्गातल्यांनी सांगितलं. मी बाकावर डोकं टेकून अशी झोपले की तास संपला, दुसरा सुरू झाला, संपला, आणि मी घोरत होते. प्राध्यापक म्हणे जवळ येऊन म्हणाले, "आज यांना पटलेलं दिसतंय."

घरी येऊन मी खाली मान घालून आत्याला हे सांगितलं. एवढं करून कॉलेज वाचवलं, आणि पहिल्याच दिवशी तिथे जाऊन मी झोपले. आत्या तिचं आखूड झालेलं रेशमी सोवळं नेसून पोळ्या लाटत होती. शिंका थांबल्या होत्या. तिने मला लांबूनच वळायला सांगितलं, वेणी शेंड्यापासून मुळापर्यंत नीट न्याहाळली, आणि पोळी तव्यावर टाकली.

"दोन तास झोपलीस, आणि एक केस हललेला नाही," ती म्हणाली. "उद्यापासून जागी राहून शीक. जेवायला बस."